गच्चीची किल्ली

ऑक्टोबर २०२४मध्ये वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या लॉगिनच्या पानावर एक नवी चौकट आली. वर युजरनेम, खाली पासवर्ड आणि त्याखाली टिक करायचं एक विधान : डब्ल्यूपी इंजिनशी माझा आर्थिक किंवा अन्य कोणताही संबंध नाही. टिक केल्याशिवाय दार उघडत नव्हतं. जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्याचं हे सामाईक अंगण. कोड लिहिणारे, बग कळवणारे, प्लगिन सांभाळणारे सगळे याच दारानं आत जातात आणि वर्डप्रेसचं मराठी भाषांतर करणारेही. ‘डॅशबोर्ड’ला ‘डॅशबोर्ड’च म्हणावं की ‘नियंत्रण फलक’, यावर रात्री अकरा वाजता डोकं खाजवणाऱ्या माणसानं या चौकटीचं काय करायचं? त्याच्या एखाद्या गिऱ्हाइकाची साइट त्या कंपनीच्या सर्व्हरवर असेल, तर तो ‘संबंध’ झाला का? प्रकल्पाच्या स्लॅकवर काही जुन्या कार्यकर्त्यांनी नेमकं हेच विचारलं. त्यातल्या काहींची खातीच बंद झाली.

भांडणाचं मूळ साधं होतं. मॅट मुलेनवेग हे वर्डप्रेसचे सहसंस्थापक आणि ‘ऑटोमॅटिक’ कंपनीचे प्रमुख. डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी वर्डप्रेसच्या जिवावर बक्कळ कमावते आणि प्रकल्पाला परत फारसं काही देत नाही, ही त्यांची तक्रार. सप्टेंबरमध्ये त्यांनी जाहीरपणे या कंपनीला कर्करोग म्हटलं. तक्रार अगदीच हवेतली नव्हती. ओपन सोर्सवर गब्बर होऊन मूळ प्रकल्पाकडे ढुंकूनही न बघणाऱ्या कंपन्या पायलीला पन्नास आहेत. पण पुढे जे घडलं त्यातून वेगळीच गोष्ट उघडी पडली. १२ ऑक्टोबरला डब्ल्यूपी इंजिनचं, वीस लाखांहून जास्त साइटवर बसवलेलं एक प्लगिन वर्डप्रेस डॉट ऑर्गनं आपल्या ताब्यात घेतलं, त्याचं नाव बदललं, आणि अपडेटच्या नेहमीच्या वाटेनं ते लोकांच्या साइटवर जाऊन पोचलं. मग प्रश्न आला की ही साइट, हे प्लगिनचं भांडार, हे अपडेटचे सर्व्हर आहेत तरी कोणाचे? ना-नफा वर्डप्रेस फाउंडेशनचे असणार, अशी कित्येकांची वर्षानुवर्षं समजूत होती. ते खुद्द मुलेनवेग यांच्या खासगी मालकीचे निघाले.

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर दोन वर्षं खजिनदार होतो, त्यामुळे हे वाचताना फारसा चकित झालो नाही. सोसायटीचा सेक्रेटरी हा जगातला सर्वांत उपेक्षित स्वयंसेवक. सकाळी सहाला टँकरवाल्याचा फोन त्यालाच, लिफ्ट अडकली तर शिव्या त्यालाच, आणि मोबदला शून्य. पण गच्चीला कुलूप का, दिवाळीत आमच्या पाहुण्यांना गाद्या टाकायला किल्ली का मिळत नाही, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : एवढं वाटतंय तर तुम्ही या ना कमिटीवर! विचारणारा गप्प होतो, कारण त्याला कमिटीवर यायचं नसतं. फुकट केलेल्या कामाच्या पुण्याईवर किल्लीचा प्रश्न बुडवण्याची ही युक्ती प्रत्येक इमारतीत चालते. फरक इतकाच, की सोसायटीच्या डोक्यावर १९६०चा सहकार कायदा आहे. ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, हिशेब तपासून मांडावे लागतात, नाहीतर कोणी ना कोणी निबंधकाकडे अर्ज घेऊन जातोच. सेक्रेटरी फुकट राबला की पगार घेऊन, हे तिथे कोणी विचारत नाही.

ओपन सोर्सच्या जगात ‘या ना कमिटीवर’ला एक प्रतिष्ठित पर्यायी शब्द आहे : फोर्क. पटत नसेल तर कोडची नक्कल घ्या, आपली वेगळी चूल मांडा, परवान्यानं तो हक्क दिलेलाच आहे. हा हक्क खरा आहे आणि मोठा आहे. पण गेली तीसेक वर्षं तो एक चुकीचं काम करतोय. सत्ता असलेल्याला प्रश्न विचारला की उत्तराच्या जागी तो पुढे सरकवला जातो. अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमननं १९७०मध्येच दाखवलं होतं, की बिघडत चाललेल्या संस्थेतल्या माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं, आणि पहिली वाट फार सोपी असली की दुसरी सुकत जाते. इथे तर पहिली वाटही दिसते तितकी सोपी नाही. वर्डप्रेसचा कोड दुपारच्या जेवणाआधी उतरवून घेता येईल. वर्डप्रेस डॉट ऑर्ग हा पत्ता, तिथली हजारो प्लगिन, करोडो साइटचं तिकडे लागलेलं अपडेटचं तोंड, हे कसं उतरवणार? कोड सगळ्यांचा असतो, किल्ली एकाकडे असते.

म्हणून मला वाटतं, या जगातली भांडणं इतकी कडवट होतात ती दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाल्यामुळे. कोणी आपलं काम फुकट वाटलं, तर त्या कामाबद्दल तो घेणाऱ्याला काही देणं लागत नाही. जवळजवळ प्रत्येक परवान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, की जसं आहे तसं घ्या, हमी कसलीही नाही. ते योग्यच आहे. पण त्याच माणसाच्या हातात काय स्वीकारायचं, कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर काढायचं याची किल्ली असेल, तर त्या किल्लीबद्दल तो देणं लागतो, मग काम फुकट असो वा नसो. आपला ‘जबाबदारी’ हा शब्द बघा. त्यात ‘जबाब’ आहे, आणि जबाब देण्याचा अर्थ पोलीस चौकीची पायरी चढलेल्याला बरोबर कळतो. ओपन सोर्सवाल्यांनी जबाबदाऱ्या भरपूर वाटल्या, पण जबाब कोणी कोणाला द्यायचा हे ठरवलंच नाही. परिणामी जबाब मागितला जातो तो भलत्याच माणसाकडे.

याचं सगळ्यात भीषण उदाहरण एक्सझेडचं. एक्सझेड ही फाइली लहान करण्याची छोटीशी सोय, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असलेली. लासे कॉलिन हा फिनलंडचा माणूस ती वर्षानुवर्षं एकट्यानं सांभाळत होता. २०२२मध्ये त्याला टोमणे मारणारे मेल यायला लागले. पॅच पडून आहेत, प्रकल्प मेलाय, नवा मेंटेनर नेमा. लिहिणारे होते कोणी डेनिस एन्स आणि जिगर कुमार. दुसरं नाव आपल्या हिंजवडीतल्या कुठल्याही मजल्यावर सहज खपेल असं. जूनमध्ये कॉलिननं उत्तर दिलं, की रस संपलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक आजारामुळे झेपत नाही, आणि हा बिनपगारी छंद आहे हेही लक्षात असू द्या. जबाब द्यायला तो बांधील नव्हता, तरी त्यानं दिला, आणि आपल्या दुखण्यासकट दिला. टोमणे थांबले नाहीत. त्याच काळात जिया टॅन नावाचा एक गुणी, नम्र, कामसू मदतनीस हाताशी होता. हळूहळू किल्ली त्याच्याकडे गेली.

फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या ५.६.० या आवृत्तीत त्या मदतनिसानं चोरवाट पेरली होती. ती सापडली निव्वळ एका माणसाच्या चिकित्सक स्वभावामुळे. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडला जाणवलं, की एसएसएचनं लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण चहाचा घोट घेऊन सोडून दिलं असतं. त्यानं माग काढला आणि २९ मार्चला जगाला सांगितलं. ‘जिया टॅन’ कोण होता हे अजून उघड झालेलं नाही, आणि डेनिस आणि जिगर ही नावं त्या मेलांपलीकडे कुठेही दिसत नाहीत. ती त्याच कटातली सोंगं असावीत, असाच बहुतेकांचा तर्क आहे.

या प्रकरणावर सुरक्षेच्या अंगानं पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्यातली वेगळीच गोष्ट डाचते. ते मेल उद्धट होते, तरी कोणालाही खटकले नाहीत. खटकणार कसे? तसे मेल कुठल्याही मेंटेनरला दर आठवड्याला येतात. फुकट घेणाऱ्यानं देणाऱ्याला दटावणं इतकं अंगवळणी पडलं होतं, की हल्लेखोराला लपायला वेगळी झुडपं शोधावी लागली नाहीत.

आता दुसरी बाजू, जिथे किल्ली भक्कम हातात आहे. लिनक्स कर्नल आणि लिनस टोर्वाल्ड्स. टोर्वाल्ड्स यांच्या शिवराळ मेलांच्या दंतकथा आहेत. डिसेंबर २०१२मध्ये एका जुन्या मेंटेनरला त्यांनी सगळ्यांदेखत तोंड बंद करायला सांगितलं ते असभ्य शब्दांत, ठळक मोठ्या अक्षरांत. मुद्दा बरोबर होता : कर्नलमधल्या बदलामुळे वापरणाऱ्यांचे प्रोग्रॅम मोडता कामा नयेत. हा नियम लिनक्सच्या यशाचा एक खांब आहे, हे मी मान्य करतो. पण नियम पटवायला शिवी लागत होती का? समर्थक म्हणत, हा स्पष्टवक्तेपणा आहे, गोडगोड बोलून कोड सुधारत नाही. आपल्याकडेही फटकळ माणसाचं कौतुक असतं. ‘तोंडानं वाईट पण मनानं चांगला’ असं प्रमाणपत्र आपण उदार हस्ते वाटतो. ते वाटताना एक तपासणी मात्र राहून जाते. हा फटकळपणा खालून वरही चालतो का? नव्यानं आलेल्या पोरानं त्याच भाषेत वरच्याला सुनावलं तर ते स्पष्टवक्तेपण ठरेल की आगाऊपणा? शिवी एकाच दिशेनं वाहत असेल, तर ती स्वभावातून आलेली नसते, पदावरून आलेली असते.

२०१३मध्ये यूएसबीचा कोड सांभाळणाऱ्या सेज शार्प यांनी हे तोंडावर सांगितलं. २०१५मध्ये शार्प यांनी कर्नलचं काम सोडल्याचं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी कर्नलनं वागणुकीविषयी काही ओळी स्वीकारल्या, ज्यांचं नाव ठेवलं ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’. विनोद झाला, इलाज झाला नाही. मग १६ सप्टेंबर २०१८ रोजी टोर्वाल्ड्स यांनी स्वतःहून माफी मागितली. माझे मेल अव्यावसायिक आणि अनावश्यक होते, लोकांच्या भावना समजून घ्यायला मला मदत हवी, अशा आशयाचं लिहून ते काही आठवडे बाजूला झाले आणि ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ४.१९ ही आवृत्ती पार पाडली. आचारसंहिताही तेव्हाच आली. माफी मनापासूनची होती, नंतरचे मेल पुष्कळ निवळले. पण पदच्युत करणं सोडा, त्यांना महिनाभर बाजूला बसवण्याचीही ताकद तोवर कोणाकडे नव्हती. ते बसले, कारण त्यांना बसावंसं वाटलं. कोड दान म्हणून मिळाला होता, तसा जबाबही दान म्हणूनच मिळाला.

रस्ट या भाषेच्या मंडळींनी हे सगळं टाळायचं ठरवलं होतं. पहिल्यापासून आचारसंहिता, जोडीला मॉडरेशन टीम. आणि २२ नोव्हेंबर २०२१ला तिथली ती मॉडरेशन टीम एकगठ्ठा राजीनामा देऊन मोकळी झाली. कारण सांगितलं : कोअर टीम स्वतःखेरीज कोणालाही जबाब देत नाही, त्यामुळे आम्ही नियम सगळ्यांना लावू शकतो, फक्त त्यांना नाही. नेमकं काय घडलं ते गोपनीयतेमुळे सांगितलं नाही. साहजिकच पुढचे काही आठवडे हजारो लोक कुजबुजीवर जगले. दीड वर्षानं, मे २०२३मध्ये, दुसरा तमाशा. जीनहेड मेनिड यांना रस्टच्या परिषदेत बीजभाषणाचं आमंत्रण देऊन नंतर कळवण्यात आलं, की तुमचं भाषण आता साधं भाषण असेल. कोणी ठरवलं? पुढाऱ्यांच्या एका चॅटमध्ये काहींनी नाराजी दाखवली, कोणीतरी ती आयोजकांपर्यंत नेली, आणि मतदान न होता, नोंद न होता निर्णय ‘झाला’. अशा ‘झालेल्या’ निर्णयाला कर्ता नसतो. मेनिड परिषदेतून बाहेर पडले.

जो फ्रीमन या अमेरिकी स्त्रीवादी कार्यकर्तीनं १९७०च्या दशकाच्या आरंभी ‘द टिरनी ऑफ स्ट्रक्चरलेसनेस’ हा निबंध लिहिला तो आपल्याच चळवळीतल्या गटांबद्दल. आमच्यात कोणी नेता नाही, रचना नाही, म्हणणाऱ्या गटांत सत्ता नाहीशी होत नाही, ती मैत्रीच्या जाळ्यात शिरते आणि मग तिला पकडायला जागा उरत नाही, हे तिचं निरीक्षण. संगणकाचा स्पर्शही नसलेला तो निबंध रस्टच्या त्या चॅटचं वर्णन वाटावा इतका चपखल बसतो. रस्टनं धडा घेतला हेही खरं. जून २०२३मध्ये लेखी नियमांनिशी नेतृत्व परिषद आली आणि कोणता निर्णय कोणाचा, याला पत्ता मिळाला.

इथे कोणी म्हणेल, मग निवडणुका घ्या, समित्या नेमा, प्रश्न मिटला. पायथॉननं तेच केलं. २०१८च्या जुलैमध्ये एका छोट्याशा चिन्हाच्या वादानं थकून गिडो व्हॅन रॉसम ‘तहहयात हुकूमशहा’ या थट्टेच्या, पण खऱ्याखुऱ्या पदावरून उतरले, आणि पाच जणांची निवडून आलेली परिषद आली. ऑगस्ट २०२४मध्ये तिनं टिम पीटर्स या अगदी जुन्या, भाषेच्या घडणीत मोठा वाटा असलेल्या प्रोग्रॅमरला तीन महिने निलंबित केलं. जाहीर निवेदनात आधी नाव नव्हतं, होती ती आरोपांची यादी, आणि कुठल्या वाक्यामुळे कुठला आरोप हे बाहेरच्याला जुळवता येत नव्हतं. पीटर्स दोषी होते की नव्हते, यावर मी पैज लावणार नाही. पण बेशिस्तीला आळा घालण्याची किल्ली हीसुद्धा किल्लीच आहे. तक्रारदाराचं नाव झाकणं अनेकदा आवश्यक असतं, त्यावाचून कोणी तक्रारच करणार नाही. मात्र त्या झाकणाखाली निर्णयाची कारणंही झाकली जातात, आणि मग न्याय झाला असला तरी तो झाल्याचं कोणाला दिसत नाही.

मला यातली अधिक मोठी उणीव शिक्षेच्या मापात दिसते. सामाईक चराया, कालवे, जंगलं माणसं शतकानुशतकं कशी टिकवतात, याचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी केला, त्याला २००९मध्ये नोबेलही मिळालं. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना आढळलेली एक गोष्ट म्हणजे चढत्या पायऱ्यांची शिक्षा. पहिल्यांदा पाणी चोरलं तर पाटकऱ्यानं नुसतं हटकायचं, मग किरकोळ दंड, शेवटी बहिष्कार. आणि पाटकरीही पाणी घेणाऱ्यांनाच जबाब देणारा. ओपन सोर्समध्ये या मधल्या पायऱ्या बहुधा नसतातच. वर्षानुवर्षं दुर्लक्ष, ‘अरे, तो तसाच आहे’, आणि मग एका सकाळी हद्दपारी. मधे कोणी खांद्यावर हात ठेवून बाजूला नेत नाही.

कर्नलनं २०२४च्या नोव्हेंबरमध्ये एक मधली पायरी वापरून पाहिली. बीकॅशएफएस ही फाइल सिस्टीम लिहिणारे केंट ओव्हरस्ट्रीट एका सहकाऱ्याशी अपमानास्पद बोलले आणि जाहीर माफीला तयार झाले नाहीत. आचारसंहिता समितीच्या सांगण्यावरून ६.१३ या एका आवृत्तीच्या काळापुरता त्यांचा कोड घेतला गेला नाही. मुदत ठरलेली, कारण जाहीर, परतीची वाट उघडी. मला ही शिक्षा मापात वाटली. पुढे वेळापत्रक आणि नियमांवरून टोर्वाल्ड्स यांच्याशी खटके उडतच राहिले, आणि २०२५मध्ये ६.१८च्या वेळी बीकॅशएफएस कर्नलमधून बाहेर गेली. ती वापरून आपला डेटा ठेवलेल्यांना या भांडणात कोणीच काही विचारलं नव्हतं.

सगळ्यांत कमी रोमहर्षक उदाहरण डेबियन या लिनक्स वितरणाचं, आणि मला तेच सगळ्यांत जास्त आवडतं. १९९८पासून त्यांची लेखी घटना आहे. दरवर्षी प्रकल्पप्रमुखाची निवडणूक, तांत्रिक वादांना समिती, आणि समितीचाही निर्णय फिरवू शकणारं सर्व सदस्यांचं मतदान. २०१४मध्ये सिस्टमडी या लिनक्स सुरू करणाऱ्या प्रणालीवरून तिथे घनघोर जुंपलं. फेब्रुवारीत समितीची मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं निकाल लागला. नोव्हेंबरपर्यंत समितीतले तिघे बाहेर, काही जुने जाणते प्रकल्पातूनच बाहेर, आणि रागावलेल्यांनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. म्हणजे घटनेनं माया निर्माण केली नाही, माणसं दुखावायची ती दुखावलीच. पण कोणी, केव्हा, किती मतांनी ठरवलं, हे आज कोणीही उघडून वाचू शकतो. हरलेल्याला आपण कोणाकडून हरलो ते माहीत आहे. रस्टमधल्या मेनिड यांना तेवढंही मिळालं नाही.

यावर मेंटेनर मंडळींचा आक्षेप मला ठाऊक आहे : आधीच कोणी यायला तयार नाही, त्यात हे कागदी घोडे, उद्या कुत्रंही फिरकणार नाही. आमचा सेक्रेटरीही हेच म्हणायचा. पण लासे कॉलिनच्या पाठीशी एखादी कंटाळवाणी समिती असती, टोमणे मारणाऱ्याला ‘हे विचारायचा तुम्हाला अधिकार नाही’ असं त्याच्या वतीनं सांगणारं कोणी असतं, आणि किल्ली दुसऱ्याला देण्याआधी तिसऱ्याची सही लागत असती, तर तो कमी एकटा असता. किल्लीला नियम लावले की ती सांभाळणाऱ्यालाही रात्री झोप लागते. एकट्यानं सगळं उचलायचं आणि एकट्यानंच सगळं ठरवायचं, हे एकाच नाण्याला लागलेले दोन गंज आहेत.

वर्डप्रेसच्या त्या चौकटीचं पुढे काय झालं? प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेलं. १० डिसेंबर २०२४ला न्यायाधीशांनी अंतरिम आदेश दिला, त्यात ते विधान लॉगिनच्या पानावरून काढून टाकायला सांगितलं होतं. काही दिवसांत ते निघालंही. चौकट मात्र तिथेच राहिली, आणि तिच्यापुढे नवं विधान आलं : पिझ्झावर अननस छान लागतो. कोड द्यायला, बग कळवायला किंवा ‘डॅशबोर्ड’चं मराठी करायला आत जायचं असेल, तर त्यावर टिक करणं सक्तीचं होतं.